सामनेवाल्याची खुर्ची

एस्तरबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी भांडगावच्या एका बाईचा पोटगीचा अर्ज लिहीत होते. घोडनदीच्या एस.टी.चा कंडक्टर ऑफिसच्या पायरीशी येऊन उभा राहिला. शिरूरला आमच्याकडं अजून घोडनदीच म्हणतात. एरवी हा गडी भारी बोलका, येताजाता कुणाची ना कुणाची खोडी काढणारा. त्या दिवशी त्यानं टोपी काढून हातात धरली होती. "सुमनताई," तो म्हणाला, "तुमच्या बाई गेल्या वो. काल प्रार्थनेला आल्या, तितंच चक्कर आली, आन् आज पहाटं... माती दुपारी हाय. गाडी लगीच सुटंल, येताय नव्हं?" मी हो म्हटलं आणि हातातलं वाक्य आधी पुरं केलं. वाक्य अर्धं टाकून उठू नये, उद्या त्याचा शेवट दुसराच कुणीतरी करतो, ही बाईंचीच शिकवण. पेनाला टोपण लावायला गेले तर ते काही केल्या बसेना. शेवटी भांडगावच्या बाईनंच ते माझ्या हातातून घेतलं आणि लावून दिलं.

त्याला आता महिना उलटून गेला. रडायचं ते रडून झालं. हे लिहायला बसलेय ते आठवणीसाठी तर आहेच, पण खरं सांगू? थोडं भांडायलाही बसलेय. एस्तरबाईंशी माझं एक भांडण होतं, बारा-तेरा वर्षांचं, आणि ते मिटायच्या आत त्या निघून गेल्या. आता मी कुणाशी भांडू? जिवंत माणसावर रागवता येतं, चार दिवस अबोला धरता येतो. गेलेल्या माणसापुढं राग सुद्धा पोरका होतो.

आमची ओळख झाली आप्पासाहेबांच्या ऑफिसात. आप्पासाहेब दौंडचे वकील. त्यांच्याकडं कारकून टिकत नसे. पोरगं हाताशी धरावं, अर्ज कसा लिहायचा, कायद्याची पुस्तकं कशी उघडायची, ते शिकवावं, आणि जरा तयार झालं की ते रेल्वेत भरती होऊन मोकळं. दौंडात रेल्वेपुढं कुणाचं काय चालणार! शेवटी वैतागून ते म्हणाले, "आता बायकाच शिकवतो. त्यांना रेल्वे घेत नाही, म्हणजे टिकतील." सगळं गाव हसलं. माझे वडील इंजिनावर फायरमन. मी मॅट्रिक होऊन घरात बसले होते, आणि आई उठता-बसता स्थळांची यादी वाचत होती. मी आप्पासाहेबांकडं पळाले ती खरं तर त्या यादीला कंटाळून. गेले तर तिथं आधीच एक बाई बसलेल्या. तिशीच्या आतबाहेर, पांढरं पातळ, केसांचा घट्ट अंबाडा, पाठ सरळ. मला बघून म्हणाल्या, "ये. हात धुऊन ये आधी. पुस्तकांना डाग पडतात." पहिलं वाक्य हे! मी मनात म्हटलं, घ्या, एक आई घरी, एक आई इथं.

त्या मूळच्या घोडनदीच्या, तिथल्या ख्रिस्ती वस्तीतल्या. शाळेत शिकवायच्या. नवराही मास्तर. दोघांचं का बिनसलं ते मला कधी पुरतं कळलं नाही. बाई सांगायच्या नाहीत आणि मी, एवढी भोचक असून, विचारायला धजले नाही. एका सकाळी नवऱ्यानं त्यांना एक ट्रंक देऊन दौंडच्या गाडीत बसवलं, इथं लोको शेडमध्ये त्यांचा भाऊ होता त्याच्याकडं. मुलगी मात्र ठेवून घेतली. मुलीचं नाव रूथ, तेव्हा ती पाच वर्षांची. बाई कायद्याचं काम शिकायला आल्या त्या एवढ्यासाठी. पगार, वेळ घालवणं, यातलं काही नव्हतं. त्यांना रूथ परत हवी होती, आणि ती ज्या वाटेनं परत येईल ती वाट त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती.

आप्पासाहेब शिकवायचे ते लाल-निळ्या पेन्सिलीनं. आम्ही मसुदा करायचा, त्यांनी त्याची कत्तल करायची. माझा पहिला अर्ज कासुर्डीच्या एका म्हाताऱ्याच्या शेळीचा. शेजाऱ्यानं तिचा पाय मोडला होता. मी आपलं मन लावून लिहिलं, सामनेवाल्यानं निर्दयपणे आणि सूडबुद्धीनं त्या निष्पाप मुक्या जिवावर हल्ला केला. आप्पासाहेबांनी चष्मा वर केला. "सुमन, शेळीचा जबाब घेतलास का?"

"नाही साहेब."

"मग ती निष्पाप आहे हे तुला कुणी सांगितलं? सामनेवाल्याच्या पिकात शिरली असेल तर?" आणि त्यांनी निर्दय गेलं, सूडबुद्धी गेली, निष्पाप गेलं असं म्हणत म्हणत सगळं खोडलं. खाली राहिलं काय, तर अमक्या दिवशी, अमक्या ठिकाणी, काठी मारली, पाय मोडला, बघणारा अमुक. "जे सांगायला एक माणूस कोर्टात उभा राहील तेवढंच लिहायचं," ते म्हणाले. मी फुगून बसले. एस्तरबाई खाली मान घालून हसत होत्या, आणि बाहेर बसलेला तो म्हातारा म्हणत होता, "आवं पण शेळी खरंच लई गरीब हाय वो!"

निवाडे शोधायचं शिकणं त्याहून अवघड. भिंतीला लावलेल्या कपाटात हायकोर्टाच्या निवाड्यांची जाडजूड पुस्तकं, सगळी इंग्रजी, आणि माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. निवाड्याच्या माथ्यावर थोडक्यात सार छापलेलं असतं. मी तेवढं वाचून टिपण करायचे. आप्पासाहेब म्हणायचे, "ही लग्नाची पत्रिका झाली. संसार आत आहे, तो वाच." मग बाई माझ्याजवळ सरकून बसायच्या, एकेक ओळ वाचायच्या, अर्थ सांगायच्या. निवाडा सापडला की आनंदानं उड्या मारायच्या नाहीत. तो जिवंत आहे का ते आधी बघायचं, म्हणजे पुढं कुठल्या मोठ्या कोर्टानं तो मोडला तर नाही ना, ते एकेक वर्षाचं पुस्तक उघडून तपासायचं. बाईंना त्यात गोडी लागली. मला झोप यायची. पण त्या वाचायला लागल्या की मी जागी राहायचे, कारण शाळेतल्या बाई अंगात होत्याच, मध्येच विचारायच्या, "हं, काय म्हटलं मी आत्ता?"

आणि आप्पासाहेबांची एक रीत होती, ती मी पुढं दुसऱ्या कुठल्या ऑफिसात पाहिली नाही. कुठलंही काम आलं की आम्हा दोघींपैकी एकीनं टेबलाच्या आपल्या बाजूला बसायचं आणि दुसरीनं समोरच्या खुर्चीत. ती सामनेवाल्याची खुर्ची. तिच्यात बसलेलीनं आपल्या अशिलाच्या विरुद्ध जे जे निघेल ते ते शोधायचं, एक निवाडा सोडायचा नाही, दयामाया करायची नाही. समोरच्या वकिलाला जे सापडेल ते आपल्याला आधी सापडलं पाहिजे. आणि आपल्या हायकोर्टाचा विरुद्ध निवाडा सापडलाच, तर तो कोर्टापुढं ठेवायचा आणि वर आपलं म्हणणं मांडायचं. दडवायचा नाही. "कोर्टाला आंधळं ठेवून मिळवलेला निकाल टिकत नाही," असं ते सांगायचे. मला ती खुर्ची आवडायची. भांडखोर बाईला आणखी काय हवं?

दोन वर्षांनी बाईंचा स्वतःचा अर्ज करायची वेळ आली. पुण्याच्या जिल्हा कोर्टात, मुलीचा ताबा मिळावा म्हणून. मसुदा बाईंनीच करावा असं आप्पासाहेबांनी सांगितलं. त्यांनी लिहिला... मी तो वाचला आणि उठून बाहेर ओट्यावर गेले. अर्जदार ही मुलीची आई आहे. मुलगी पाच वर्षांची असताना अर्जदारापासून वेगळी राहू लागली. त्यानंतर अर्जदारास मुलगी दाखवण्यात आलेली नाही. बस्, असलीच वाक्यं, एकाखाली एक. आप्पासाहेबांनी लाल-निळी पेन्सिल हातात घेतली, शेवटपर्यंत वाचत गेले आणि पेन्सिल तशीच खाली ठेवली. खोडायला काही नव्हतंच. रडणं, तळमळणं, रात्र रात्र जागणं, जे जे त्यांनी आम्हाला खोडायला शिकवलं होतं ते सगळं बाईंनी आधीच आपल्या हातानं काढून टाकलं होतं.

अडचण अशी होती की कायदा बापाच्या बाजूचा. बाप जिवंत आहे आणि नालायक नाही, तर मूल त्याचं. आणि तो मास्तर नालायक नव्हता हो! दारू नाही, मारहाण नाही, मुलीला वेळेवर जेवण, शाळा, सगळं. वाईट माणूस असता तर किती बरं झालं असतं असं मला वाटायचं. तरी आप्पासाहेबांनी दुसऱ्या प्रांतातल्या एका हायकोर्टाचा निवाडा काढला होता, लहान मुलीला आईची गरज मोठी असं सांगणारा. त्याच्यावर आमची सगळी भिस्त.

सामनेवाल्याच्या खुर्चीत मी बसणार होते. बाईंनी बसू दिलं नाही. "सुमन, तू माझ्या बाजूची हायस. तुझ्यानं व्हायचं न्हाई ते," त्या म्हणाल्या. मन हललं की त्यांची बोली घोडनदीची व्हायची. "आन् माझ्या नवऱ्याचं डोकं माझ्याइतकं कुणाला ठावं हाय?" आणि त्या समोर जाऊन बसल्या. रोज सकाळी यायच्या, समोरच्या खुर्चीत बसायच्या आणि स्वतःच्या विरुद्ध पुस्तकं उघडायच्या. मी ह्या बाजूला नुसती बसून. एके दिवशी त्यांचं पान उलटायचं थांबलं. बराच वेळ बोट एका ओळीवर. मग त्यांनी पुस्तक फिरवून माझ्यापुढं सरकवलं.

आमच्याच हायकोर्टाचा निवाडा, म्हणजे पुण्याच्या कोर्टाला मानावाच लागणारा. अगदी ह्याच मुद्द्यावर. आईचा अर्ज फेटाळलेला. मी म्हटलं, "मेला असंल, पुढची वर्षं बघा." त्या म्हणाल्या, "बघितली. जिता हाय."

मग जे झालं ते आमचं भांडण. समोरचा वकील आळशी, हे साऱ्या पुण्याला ठाऊक. त्याला हे जन्मात सापडलं नसतं. मी म्हटलं, "पुस्तक कपाटात ठेवा. मी काही पाहिलं नाही, तुम्ही काही पाहिलं नाही." मी आप्पासाहेबांकडं पाहिलं. ज्या माणसानं आम्हाला ती रीत शिकवली ते खिडकीबाहेर बघत बसले होते. शेवटी म्हणाले, "एस्तरबाई, आज मी काही सांगत नाही. तुम्ही ठरवाल तसं." मी तर हातच जोडले. "अहो, पोरगी घरी येतेय तुमची! कुठं सत्यवादी व्हायला निघालात!"

बाई म्हणाल्या, "आज मिळंल गं. उद्या तो अपिलात जाईल, तितला वकील हुशार असंल, त्याला हे सापडंल. मग पोलीस न्हाईतर कोर्टाचा बेलीफ दारात, आन् पुन्हा रूथला माझ्या हातातनं सोडवून न्हेतील. एकदा सुटलीया ती. दोनदा सोडवायची का तिला आईपासनं?" आणि जरा थांबून म्हणाल्या, "आन् दडवून मिळवली तर तिच्या तोंडाकडं बघू कशी मी?"

मला ते पटलं नाही. आजही पटलेलं नाही. अपील झालंच असतं कशावरून? मास्तर थकला असता, बाईंची म्हातारी सासू मेली असती, मुलगी आईला चिकटली असती. उद्याच्या चोराला भिऊन आजची भाकरी कुणी फेकून देतं का? मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी रोज माझ्या टेबलावर हात पुसायचं फडकं धुऊन ठेवलं, तेवढंच.

आप्पासाहेबांनी निवाडा कोर्टापुढं ठेवला, वर आपलं म्हणणं जीव तोडून मांडलं. न्यायाधीशांनी त्यांची वाखाणणी केली म्हणे, असा प्रामाणिकपणा विरळा. आणि निकालाच्या दिवशी अर्ज फेटाळला. शाबासकीनं पोरगी घरी येते का? आईनं रविवारी भेटावं एवढी मुभा मात्र दिली.

तेव्हापासून बाईंचे सगळे रविवार घोडनदीच्या एस.टी.त गेले. प्रार्थना झाली की ख्रिस्ती देवळाच्या आवारातल्या बाकावर बसायचं. सासू, म्हणजे रूथची आजी, तिला घेऊन यायची आणि दहा पावलांवर उभी राहायची, घाई असल्यासारखी. सुरुवातीला मुलगी जवळ यायची, मांडीवर बसायची. मग शेजारी बसायला लागली. मग उभीच राहायला लागली. एकदा मी सोबत गेले होते. बाईंनी विचारलं, "अभ्यास झाला का?" तर ती आठ-नऊ वर्षांची पोर म्हणाली, "हो, झाला. तुम्ही कशा आहात?" आईला कुणी अहोजाहो करतं का हो? बाई शांतपणे म्हणाल्या, "बरी आहे मी, बाळा." येताना गाडीत मी आजीला चार शिव्या घातल्या तेव्हा बाई म्हणाल्या, "शेळीचा जबाब घेतलास का?" आणि हसल्या. मला मुळीच हसू आलं नाही.

पुढं आप्पासाहेब थकले. ऑफिस दुसऱ्या वकिलांनी चालवायला घेतलं आणि आम्ही दोघी तिथंच राहिलो. तालुक्यातल्या किती बायकांचे अर्ज बाईंच्या हाताखालून गेले असतील! कुणाची पोटगी, कुणाचा घरातला वाटा, कुणाची नांदायला न्यायची नोटीस. बाया रडत यायच्या. बाई त्यांना पाणी द्यायच्या, मनसोक्त रडू द्यायच्या आणि मग म्हणायच्या, "आता सांगा. काय झालं, कुठं झालं, कुणी बघितलं?" आणि समोरच्या खुर्चीत मला बसवायच्या. त्या दिवसानंतर त्या स्वतः तिच्यात कधी बसल्या नाहीत.

मातीला मी पोचले तेव्हा रूथ आलेली होती. नगरला शिक्षिकेचं शिकते. आईसारखीच पाठ सरळ. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मूठभर माती टाकली आणि हात झटकून बाजूला उभी राहिली. मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. पहिल्या गाडीनं परत आले.

गेल्या आठवड्यात ती दौंडला आली. ऑफिसच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, तुम्हाला एक विचारायचं आहे. आजी मला सांगायची, तुझ्या आईनं तुला स्वतःच्या हातानं देऊन टाकलं. स्वतःच्या अर्जाविरुद्धचं पुस्तक तिनंच शोधून कोर्टाला दिलं. मी लहानपणी म्हणायचे, खोटं आहे. मोठी झाले तसं... खरं आहे का ते?"

काय सांगू? तिला जवळ घेऊन म्हणावंसं वाटलं, आजी खोटारडी. पण बाईंच्या ऑफिसात, बाईंच्या मुलीला, मी खोटा जबाब कसा देऊ? "खरं आहे," मी म्हटलं. "तिनंच शोधलं. तिनंच दिलं. दोनदा तुला आईपासून सोडवून नेऊ नये म्हणून दिलं, असं ती म्हणाली. मला ते तेव्हा पटलं नाही, आता पण पटत नाही."

पोरीचा चेहरा पार उतरला. ती जायला वळली. तेव्हा मी तिला हात धरून बसवलं आणि म्हटलं, "जे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय तेवढं ऐकून जा." आणि निकालाच्या दिवसाचं सांगितलं. हे मी आजवर घरी सुद्धा सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पुण्याला उतरल्याबरोबर बाई तिकीटघराकडं गेल्या आणि संध्याकाळची परतीची तिकिटं काढून आल्या. दोन पुरी आणि एक अर्धं. निकाल काय लागणार हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? तो निवाडा त्यांनी ओळ न् ओळ वाचला होता. तरी अर्धं तिकीट. संध्याकाळी आम्ही बायकांच्या डब्यात चढलो. बाई बसल्या त्या शेजारी एका माणसाची जागा सोडून, आणि तिच्यावर आपली पिशवी ठेवली. हडपसरला भाजी विकून परतणाऱ्या बाया चढल्या, रिकाम्या पाट्या घेऊन, दिवसभराच्या दमलेल्या. त्यातली एक म्हणाली, "बाई, पिशवी उचला की. बसू द्या जरा."

"हितं माणूस हाय," बाई म्हणाल्या.

"कुठं हाय माणूस?"

"माझी पोरगी हाय. तिकीट हाय तिचं." आणि त्यांनी ते अर्धं तिकीट काढून दाखवलं. त्या बाईनं तिकिटाकडं पाहिलं, मग बाईंच्या तोंडाकडं पाहिलं आणि खाली आपल्या पाटीशेजारी बसली. लोणीला तेच. उरुळीला तेच. यवतला एक म्हातारी वसकन अंगावर आली, तिलाही तेच, हितं माझी पोरगी बसलीया. सामनेवाल्याचा निवाडा ज्यांना दडवता आला नाही त्या एस्तरबाई दौंड येईपर्यंत साऱ्या डब्याशी खोटं बोलत राहिल्या. एवढ्या वर्षांत त्यांचं तेवढं एकच खोटं माझ्या कानावर आलं. ती जागा त्यांनी कुणाला दिली नाही.

रूथनं पदर तोंडाशी धरला. बाहेर प्यासेंजर शिट्टी देऊन गेली, बोलणं ऐकू येईना, मग ते सगळं शांत झालं.

"मावशी," ती म्हणाली, "खिडकीजवळची होती का जागा?"

"व्हय गं बाळा," मी म्हटलं. "खिडकीजवळची."